चेंडू आणि प्याला

मनुष्याच्या गुणाला मान दिला, म्हणजे त्या मनुष्याला मान दिल्यासारखे होते काय? हा प्रश्न पंडितांचा वाटतो. परंतु माझ्यापुढे तो आमच्या मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांनी प्रार्थनामंदिराच्या पायरीवर बसून मांडला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. क्रिकेट आणि राजकारण या दोहोंची त्यांना गोडी फार. दोहोंवर विश्वास मात्र बेताचाच.

त्यांचा नातू मोबाईलवर खेळाडूंच्या लिलावाची बातमी वाचून दाखवीत होता. आजोबा हसून म्हणाले, "बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात पाहते, खांदा पाहते; त्याला घरात बसवावे काय, हे कोणी विचारीत नाही. बाळूचेही तसेच झाले."

बाळू पालवणकर यांचे नाव आमच्या तरुणांस ठाऊक नसेल. ते चर्मकार समाजात जन्मले. पुण्यात युरोपियन लोकांच्या क्रीडांगणाची निगा राखण्याचे काम करीत असता त्यांच्या डाव्या हाताची करामत प्रसिद्धीस आली, आणि पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस खेळावयास बोलाविले. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्व जातींचे खेळाडू हाती घेत. परंतु चहाची वेळ झाली की, इतरांस चिनी मातीचे प्याले आत मिळत. बाळूंस टाकाऊ मातीच्या भांड्यातून चहा बाहेर मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघास १०९ धावांनी हरविले, त्या जयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदी संघ विलायतेस गेला, तेव्हा त्यांनी ११४ गडी बाद केले. तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधीच मिळाले नाही.

"चेंडू बाटत नसे, प्याला तेवढा बाटे," आजोबा म्हणाले. "देवाने चेंडू कोणत्या मातीचा केला होता, कोण जाणे!"

पुढे १९३७ सालच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंस मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे केले, व ते पराभूत झाले. त्यावर आजोबांचे मत असे: "तेथेही बिचाऱ्याला चेंडू टाकायलाच बोलाविले, समोरचा गडी मात्र बाद होणारा नव्हता." मग आपल्याच ओसरीची गोष्ट त्यांनी सांगितली. एका निवडणुकीत एक पुढारी त्यांच्या घरी जेवावयास आले. छायाचित्र निघाले. "अन्न त्यांचे, ताटे त्यांची, पाणीही बाटलीतले त्यांचेच. आमची फक्त जमीन होती. ती काही त्यांना बरोबर आणता आली नाही."

मी म्हणालो, "आजोबा, गुणाने हळूहळू दार उघडते. बाळूंचे भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झालेच ना?"

"झाले, पाळकसाहेब. पण त्याआधी १९२० साली विठ्ठल व शिवराम या दोघा भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले होते, तेव्हा कोठे मंडळींचे डोळे उघडले. बरे, गुणाने दार उघडते असेच धरू. ज्याला चेंडू टाकता येत नाही, त्याचा प्याला कोठे ठेवायचा?"

वाचकहो, ह्या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. गुणाला दिलेला मान हा एक प्रकारचा मोबदला होय. हात थकला की तो संपतो. परंतु मनुष्याचे मोल देवाने आपल्या प्रतिरूपात त्यास निर्मिले यात आहे. ते मिळविता येत नाही, तसेच हरविताही येत नाही. अंत्युखियात पेत्र विदेशी बंधूंच्या पंक्तीतून उठून निराळा झाला, तेव्हा त्याने त्यांच्या गुणांची निंदा केली नव्हती. तो केवळ त्यांच्या ताटापासून दूर झाला. तेवढ्यावरून पौलाने सर्वांसमक्ष त्यास दोष दिला. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीही मंडळ्यांतून जातिभेद अजिबात गेलाच पाहिजे असे फर्माविले, तेव्हा दक्षिणेतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे मंडळी सोडून गेली. प्रभूच्या मेजापर्यंत येणे त्यांस जमले होते. शेजाऱ्याच्या मेजापर्यंत जाणे जमले नाही.

आता आपले घर पाहू. आमच्या मंडळीतील बहुतेक कुटुंबे पूर्वीच्या महार समाजातून आलेली. मृदंग वाजविणारा बंधू मातंग समाजातून आलेला. त्याच्यावाचून आमचे नाताळचे कीर्तन उभे राहत नाही. त्याच्या हाताची स्तुती मी उपदेशपीठावरून अनेकदा केली, आणि दर वेळी जेवावयास दुसऱ्याच्या घरी गेलो. आजोबांनी त्याचे नाव काढले नाही. फक्त मृदंग ठेवला होता त्या कोपऱ्याकडे एकदा पाहिले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी त्या बंधूच्या घरी गेलो. तो लगबगीने उठला, हात पुसले व म्हणाला, "या, पाळकसाहेब! कोणते गीत बसवायचे आहे?"

इतक्या वर्षांत मी कामावाचून त्याच्या दारी गेलो नव्हतो, हे त्या एका प्रश्नाने मला कळले. मी म्हणालो, "गीत नाही, भाऊ. चहा प्यायला आलो." त्याच्या पत्नीने घरात होते ते प्याले काढले. त्याचा व माझा प्याला सारखाच होता, आणि चहात गूळ किंचित जास्त होता.

उपदेशक बंधूंनो, येत्या प्रभुभोजनाच्या आधी प्रत्येकाने आपल्या मंडळीत असे एक घर शोधावे, जेथील हात आपणांस चालतो. तेथे जावे, काम घेऊन मात्र जाऊ नये.