दुखणे थांबावे, एवढे कारण पुरे

सोलापूरजवळ कुंभारीत २००६ साली विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरकुले उभी राहिली. बाईच्या कष्टाला हक्काचे छप्पर मिळाले, ही या शहराची मोठी कमाई. मात्र तिच्या सुजलेल्या मनगटाची दखल घ्यायला अजून घरात कुणाला सवड नाही. ‘वात आहे, वयाने होतंच’ म्हणायचे, दुकानातून गोळी आणायची आणि तिने पुन्हा सूप मांडीवर घ्यायचे.

त्या सुजेमागे ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो, आणि तो विडी वळल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते, आणि पुरुषांपेक्षा बायकांवर दुप्पट-तिप्पट. आपल्याच पुणे रस्त्यावरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून घरोघर पाहणी केली. साधारण दोनशे प्रौढांत एकाला हा आजार आढळला. आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेत सुरू झाले, तर पुष्कळ जणींवर शस्त्रक्रियेची पाळीच येत नाही.

ती वेळ निघून गेली की मनगट झिजते. करंगळीच्या बाजूच्या हाडाचे टोक वर उचलले जाते, आणि त्यावर घासून घासून बोटे उचलणारे स्नायुबंध एके दिवशी तुटतात. असे घासून तुटलेले स्नायुबंध १९४८ साली वॉन-जॅक्सन या इंग्रज शल्यविशारदाने नोंदवले. आधी करंगळी लोंबते, मग शेजारचे बोट. दुखले नाही म्हणून घरचे निर्धास्त राहतात, आणि तिथेच घात होतो. स्नायुबंध शाबूत असताना सुजलेले अस्तर काढता येते, हाडाचे ते टोक कापता येते. तुटल्यावर दुसऱ्या बोटाचा स्नायुबंध वळवून जोडावा लागतो, आणि पूर्वीचा हात परत येईलच असे नसते.

सांधा पार गेला असेल तर पट्टी आणि स्क्रू बसवून मनगट कायमचे जोडतात. त्यानंतर ते वाकत नाही. जमिनीवर तळहात टेकून उठणे, पीठ रेटून मळणे अवघड जाते. हे बाईला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. पण वेदना जाते, पकड सुधारते, आणि कोपराखालचा हात निरोगी असेल तर तळहात उलटा-सुलटाही करता येतो.

यावर नातेवाईक हमखास विचारतात, ‘मग हजार विड्या होतील का?’ मजुरी हजारावर मोजली जाते, घर त्यावर चालते. प्रश्नामागची गरज खरी आहे. तरीही हा प्रश्न पहिला असता कामा नये. घरातल्या पुरुषाचा गुडघा दुखला तर तो किती कमावील हे विचारून आपण त्याला दवाखान्यात नेत नाही. बाईची रात्रीची झोप, केस विंचरणे, नातवाला उचलणे यांची किंमत मजुरीच्या वहीत नसते, म्हणून ती नाहीच असे आपण धरून चालतो. हा अन्याय आहे, आणि तो माया करणारी माणसेच करतात.

जोडलेले हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तेवढे दिवस भाकऱ्या कोण थापणार, पाणी कोण भरणार, हे घरातल्या मुलांनी आणि नवऱ्याने शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ठरवावे.