जुन्या सांगाड्यांत नवें इंजिन

वाचावयाचे भाग : यहेज्केल 36:25-27, योहान 3:1-10, मत्तय 12:43-45.



निकदेम रात्रीं प्रभूकडे आला, तेव्हां त्याच्या मनांत जो प्रश्न होता तो तरुणाचा प्रश्न नव्हता. ज्याचे केस पिकले आहेत, ज्याच्या संवयी हाडांत शिरल्या आहेत, अशा मनुष्याचें पुढें काय, हें त्यास जाणून घ्यावयाचें होतें. हाच प्रश्न आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत पंचांच्या सभेपुढें वारंवार येतो. मात्र तेथें तो रात्रीं हळूच विचारला जात नाहीं, तर वहींतील एका नांवावर बोट ठेवून विचारला जातो. मागल्या वर्षीं असा एक प्रश्न मजपुढें आला होता, व त्याचें उत्तर मीं लिहूनही ठेविलें होतें. तें उत्तर कसें फिरलें हें सांगण्यापूर्वीं मला तुम्हांस एका मिस्त्रीच्या शेडमध्यें न्यावयाचें आहे.

आमच्या नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षबागा तुमच्यापैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. वेलांच्या दोन ओळींमध्यें आठ-दहा फुटांची वाट, आणि डोक्यावर मांडवाच्या तारा. तेथें मोठा ट्रॅक्टर शिरत नाहीं. म्हणून अठरा-वीस अश्वशक्तीचा, ठेंगणा व अरुंद असा छोटा ट्रॅक्टर बागेसाठीं ठेवितात. तोच ओळींमधून रोटाव्हेटर फिरवितो, व आक्टोबरांतील गोडी छाटणीनंतर पाठीमागें ब्लोअर जोडून केवडा व भुरी ह्यांवरील औषध मारितो. त्या दिवसांत ट्रॅक्टर दोन दिवस जरी उभा राहिला, तरी वर्षाचें पीक जावयाचें.

आमच्या मंडळीच्या एका पंचांकडे असा एक ट्रॅक्टर होता. वीस वर्षांहून अधिक जुना. तो आतां सकाळीं सुरू होईना. झालाच तर निळा धूर मारी, डिझेलाबरोबर ऑइल खाई, आणि थोडा चढ आला कीं धापा टाकी. मालकांनीं उपाय कांहीं कमी केले नाहींत. बॅटरी नवी घातली, स्टार्टर दुरुस्त करून घेतला, नोझल बदलले, शेवटीं सगळ्या ट्रॅक्टरास तांबडा रंग देवविला, आणि बॉनेटावर मोठ्या अक्षरांत "प्रभूची कृपा" असें लिहविलें. (अक्षर फार सुरेख आलें होतें, हें मला मान्य केलें पाहिजे.) ट्रॅक्टर जसा होता तसाच राहिला.

ह्याचें कारण इंजिनाच्या पोटांत होतें. डिझेल इंजिनास बाहेरून ठिणगी द्यावी लागत नाहीं. पिस्टन हवेस दाबून सुमारें विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेंत कोंडतो. त्या दाबानें ती हवा इतकी तापते कीं, आंत आलेला डिझेलाचा फवारा आपोआप पेटतो. परंतु पिस्टनाच्या रिंगा व लायनर झिजले म्हणजे हवा बाजूनें निसटते, दाब बसत नाहीं, आणि दाब नाहीं तर उष्णता नाहीं, उष्णता नाहीं तर अग्नि नाहीं. मग बाहेरून कितीही नवें लावा. प्रियहो, रविवारचा स्वच्छ सदरा, नाताळची रंगीत पताका, दारावरील क्रूस, हीं सर्व चांगलीं आहेत. पण ज्याच्या आंतला दाब गेला आहे त्यास त्यांनीं काय होणार? यहेज्केलाच्या द्वारें देवानें आपल्या लोकांस जें वचन दिलें तें रंग देण्याचें नव्हते. दगडी झालेलें हृदय काढून तेथें मांसाचें हृदय घालूं, असें तो बोलला.

मालक कंटाळून ट्रॅक्टर भंगारांत घालावयास निघाले होते. त्या वेळीं एका वृद्ध मुसलमान मिस्त्रींनीं त्यांस थांबविलें. सर्व लोक त्यांस चाचा म्हणतात. त्यांनीं गिअर टाकून पाहिले, मागचा आंस पाहिला, हायड्रॉलिकनें ओझें उचलून पाहिलें, आणि म्हणाले, "साहेब, पेटी सोन्यासारखी आहे. सांगाडा शाबूत आहे. ह्याला भंगारांत का घालतां? ह्याचें फक्त काळीज गेलें आहे."

नवें इंजिन आलें कोठून, तें ऐका. त्याच जातीचा दुसरा एक ट्रॅक्टर पाटांत उलटून पार मोडला होता. त्याचा सांगाडा वांकला, चाकें तुटलीं, पेटी फुटली. परंतु इंजिन धड राहिलें. मिस्त्रींनीं तें आणिलें, उघडून पाहिलें, रिंगा व बेअरिंगें नवीं घातलीं. मीं तें बांकावर ठेविलेलें पाहिलें तेव्हां माझ्या मनांत प्रभुभोजनाची भाकर आली, हें मी लपवीत नाहीं. एकाचें शरीर मोडलें, म्हणून दुसऱ्यास हृदय मिळालें. लोखंडाचा दृष्टांत येथें लंगडा पडतो, कारण पाटांतल्या त्या ट्रॅक्टरास कोणी विचारलें नव्हतें, व आपल्या प्रभूनें तर स्वखुषीनें आपणास देऊं केलें. तरी ज्यास समजावयाचें आहे त्यास इतकें पुरे.

बसवितेवेळीं मालकांचा पुतण्या तेथें होता. तो म्हणाला, "चाचा, घालतांच आहां तर पस्तीस अश्वशक्तीचें घाला ना." मिस्त्री हंसले व म्हणाले, "बेटा, मग पेटीचे दांते पहिल्याच नांगरटींत माझ्या हातांत येतील." जी पेटी जेवढें बळ पेलण्यास घडविली आहे, तिला तेवढेंच बळ द्यावयाचें असतें. उपदेशक बंधूंनो, येथें क्षणभर थांबा. शहरांतील एखाद्या मोठ्या वक्त्याचें व्याख्यान ऐकून आल्यावर आपणास वाटतें कीं, देवानें आपल्यालाही तसेंच इंजिन द्यावें. तो देत नाहीं, ह्यांत त्याची कृपणता नसून आपल्या दांत्यांची काळजी असते.

आतां जी गोष्ट मला विशेष सांगावयाची आहे ती ही. इंजिन साखळीच्या कप्पीनें उचलून सांगाड्यांत उतरविलें, आणि पेटीचा दांडा क्लचप्लेटच्या मध्यांत शिरावयाचा होता. चार बोटें अंतर राहिलें आणि इंजिन अडलें. पुतण्यानें पाना उचलला. बोल्ट लांब होते, ते आवळले असते तर इंजिन ओढून आंत बसलें असतें. मिस्त्रींनीं त्याचा हात धरिला. "बोल्ट हे धरून ठेवण्याकरितां असतात, ओढण्याकरितां नव्हेत. असें ओढशील तर प्लेट फुटेल, आणि तें उद्यां कळेल." मग त्यांनीं खालीं बसून इंजिनाची उंची केसभर कमी केली, फ्लायव्हील हातानें किंचित् फिरविलें, थांबले, पुन्हां किंचित् फिरविलें. दांत्यास दांता मिळाला, आणि इतका वेळ दहा जणांस न ऐकणारें तें वजन एका तळहाताच्या ढकलण्यानें आंत सरकलें. बोल्ट त्यांनीं त्यानंतर लाविले.

मी तेथें उभा होतों, आणि मला माझीच लाज वाटली. आम्ही पाळक व उपदेशक वर्षानुवर्षें बोल्ट आवळून माणसें ओढीत आलों आहों. दंड, ताकीद, प्रभुभोजनाची बंदी, भर सभेंत नांव घेणें. नियम हवेतच, बोल्टांवांचून इंजिन पहिल्याच खड्ड्यांत खालीं पडेल. परंतु जेथें दांता मिळाला नाहीं तेथें नियमानें ओढलेला मनुष्य बसलेला दिसतो मात्र, आणि आंतून फुटलेला असतो.

इंजिन बसलें तरी मिस्त्रींनीं तें सुरू केलें नाहीं. त्यांनीं डिझेलाची टाकी उतरविली, तिच्या तळचें पाणी व गंज धुऊन काढिला, रेडिएटर उलटा धुतला. नंतर हवेच्या फिल्टरापासून इंजिनापर्यंत जाणारी रबरी नळी चाचपली. तिच्या खालच्या अंगास वीतभर चीर होती, आणि त्या चिरेवर एक चिंधी गुंडाळून सुतळीनें बांधलेली होती. हीच ती जागा. द्राक्षबागेची बारीक माती ह्या चिरेंतून आंत जाई, फिल्टरास चुकवून जाई, आणि पॉलिश पेपरासारखी लायनर घाशी. "ही नळी तशीच ठेवली असती," मिस्त्री म्हणाले, "तर हें इंजिनही त्याच वाटेनें गेलें असतें." झाडून लोटून मोकळें ठेविलेल्या घराचा दृष्टांत प्रभूनें कां सांगितला, हें त्या चिरेकडे पाहून मला जितकें समजलें तितकें पुस्तकांतून समजलें नव्हतें.

चिंधी कोणी बांधली, हें मालकांस तेव्हांच कळलें, मलाही कळलें. ती त्यांच्या चालकाच्या जुन्या धोतराची होती. आणि हाच तो मनुष्य, ज्याचें नांव वहींतून काढण्याविषयींचें पत्र माझ्या पिशवींत त्या दिवशीं होतें. वय पंचावन्नाच्या पुढें. लहानपणीं बाप्तिस्मा झालेला. दारूपायीं तीन वेळां ताकीद, तीन वेळां वचन, तीन वेळां मोडलेलें. त्याच्या हलगर्जीपणानें ट्रॅक्टर गेला, असें मालकांनींच सभेंत सांगितलें होतें, आणि नांव काढण्याचा ठरावही त्यांचाच होता. पत्र मात्र माझ्या हातचें.

मालक पुष्कळ वेळ त्या चिंधीकडे पाहत राहिले. मग हळू आवाजांत म्हणाले, "पाळकसाहेब, नळी फाटली आहे असें त्यानें मला दोनदां सांगितलें होतें. मीं म्हटलें, हंगाम उरकूं दे." इतकें बोलून ते शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. चालक पीत होता हें खरें. परंतु जी चीर त्यास दिसली ती त्यानें आपल्या धोतराच्या चिंधीनें झांकण्याचा यत्न केला होता, आणि ज्याच्या हातीं नवी नळी आणण्याचें सामर्थ्य होतें त्यानें ती आणिली नव्हती. ट्रॅक्टरास नवें काळीज मिळावें म्हणून एका बैलजोडीचा पैसा आनंदानें मोजणारे आम्ही, मनुष्यासाठीं मात्र भंगाराचा भाव ठरवून मोकळे झालों होतों.

दुसऱ्या आठवड्यांत मालक नोंदणीच्या कामासाठीं गेले. वाहनाचें इंजिन बदललें म्हणजे नोंदणी अधिकाऱ्यास कळवून तें पुस्तकांत नोंदवून घ्यावें लागतें, असा 1988 च्या मोटार वाहन कायद्याचा नियम आहे. परत आल्यावर त्यांनीं तें पुस्तक मला दाखविलें. चासीचा क्रमांक पूर्वींचाच. नोंदणीचा क्रमांक पूर्वींचाच. फक्त इंजिनाच्या जागीं त्या मोडलेल्या ट्रॅक्टराचा क्रमांक. म्हणजे सरकारही नवें काळीज मिळालेल्यास नवा ट्रॅक्टर म्हणत नाहीं, आणि जुन्याचें नांव खोडीतही नाहीं. पौलानें ओनेसिमाविषयीं फिलेमोनास लिहिलेलें पत्र त्या रात्रीं मीं पुन्हां वाचलें. दुसरें जें पत्र होतें तें पंचांच्या सभेंत वाचलें नाहीं. मालकांनींच आपला ठराव परत घेतला, व कारण विचारितां चिंधीची गोष्ट सर्वांसमक्ष सांगितली. असें सांगणें पंचास सोपें नसतें.

मिस्त्रींनीं एक अट घातली होती : पहिले पन्नास तास हलकें काम, मग ऑइल बदलावयाचें, मग पूर्ण ओझें. नव्या रिंगा लायनराशीं जुळेपर्यंत त्यांस दमवावयाचें नाहीं. तीमथ्यास लिहितांना पौलानेंही नवशिष्यावर अधिकाराचें ओझें घालण्याविषयीं सावध केलें आहे. म्हणून आम्हीं त्या मनुष्यास साक्ष देण्यास उभें केलें नाहीं, पताका दिली नाहीं, वचनाच्या कागदावर चौथी सही घेतली नाहीं. मालकांनीं त्याच्या हातीं ट्रॅक्टराची किल्ली दिली, आणि दर शनिवारीं सायंकाळीं दोघांनीं मिळून ती नळी व तो फिल्टर तपासावयाचा असें ठरविलें. तेथून दोघे हात धुऊन प्रार्थनेस येत.

तो बरा झाला, असें मी तुम्हांस लिहूं शकत नाहीं. दिवाळीच्या सुमारास तो एकदां घसरला, व चार दिवस त्याचा पत्ता नव्हता. त्या शनिवारीं मालक एकटेच आले. हाताला ऑइलचे डाग तसेच होते. ते बसले नाहींत, दाराशींच उभे राहून म्हणाले, "नळी मीं तपासली. आज प्रार्थना त्याच्या घरीं घेऊं या." मंडळींतील सहा-सात जणें कंदील घेऊन निघालीं. त्याच्या बायकोनें दार उघडलें, व आंत खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून निजला होता. आम्ही खालीं जमिनीवर बसलों, आणि मालकांनीं प्रथम प्रार्थना केली.