रविवारचा विसावा कोणाचा?

रविवार हा उपासनेचा व विसाव्याचा वार, असें ख्रिस्ती घरांत मूल बोलूं लागल्यापासून त्यास शिकविण्यांत येतें. परंतु या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय, याचा विचार क्वचितच होतो. पुष्कळांच्या मतें उपासना हें कर्तव्य व विसावा हें त्याचें बक्षीस. सकाळीं देवाचें देणें चुकतें केलें कीं उरलेला दिवस आपला. ही समजूत आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

इतिहास पाहिला तर उपासना आधीं आली व सुट्टी मागाहून. प्रभूचें पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशीं झालें, म्हणून आरंभींचे ख्रिस्ती त्या दिवशीं जमत. पण रोमी साम्राज्यांत तो कामाचाच दिवस होता. इ. स. ३२१ सालीं कॉन्स्टंटाईन बादशहानें न्यायकचेऱ्या व कारागिरांचे धंदे रविवारीं बंद ठेवण्याचा हुकूम काढला, आणि त्यांतूनहि शेतकऱ्यांस वगळलें. म्हणजे सुमारें तीनशें वर्षें दासांनीं व मजुरांनीं सुट्टीवांचूनच रविवार पाळला. तेव्हां सुट्टी घेतली म्हणजे रविवार पाळला, असें म्हणतां येत नाहीं.

मग विसाव्याचा अर्थ काय? दहा आज्ञा शास्त्रांत दोन ठिकाणीं आल्या आहेत. निर्गमाच्या पुस्तकांत शब्बाथाचें कारण सृष्टीच्या उत्पत्तीनंतरचा देवाचा विसावा हें आहे. अनुवादाच्या पुस्तकांत कारण निराळें आहे: इस्राएल लोक मिसरांत दास होते व देवानें त्यांस सोडविलें, याची आठवण. म्हणूनच दासदासींस धन्यासारखा विसावा मिळावा, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. बैल व गाढव यांसहि वगळलेलें नाहीं. ज्याची सुटका झाली त्यानें दुसऱ्यास सुटका द्यावी, हें या आज्ञेचें मर्म होय. शब्बाथ व प्रभूचा दिवस यांतील भेद आम्ही विसरलों नाहीं. परंतु शब्बाथाची ही दया रविवारांत उतरली नाहीं, तर त्यास विसाव्याचा वार म्हणण्यांत अर्थ नाहीं.

आपल्या इकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १० जून १८९० रोजीं मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुट्टी मंजूर झाली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. आणि रविवार हा महाराष्ट्रांत खंडोबाचाहि वार आहे. राबणाऱ्यास विसावा देण्याचें हें काम मंडळीबाहेरच्या माणसानें तडीस न्यावें, ही गोष्ट आम्हां ख्रिस्ती लोकांस विचार करावयास लावणारी आहे.

आतां घरांत पाहूं. नगरकडील खेडें असो, वसईची आळी असो, कीं पुण्यामुंबईंतील बिऱ्हाड असो, देवळांतून परतल्यावर मटणाचा बेत असतो, पाहुणे येतात, पुरुषमंडळी गप्पांत रमतात. घरची बाई मात्र शेवटचें गीत संपतांच लगबगीनें निघून स्वयंपाकाला लागलेली असते. भांडीं घासणारीस तर त्या दिवशीं मुद्दाम दोनदां बोलावितात. आज्ञेतील यादींत पुत्र, कन्या, दास, दासी, जनावरें व उपरा हे सर्व आहेत. पत्नीचा निराळा उल्लेख नाहीं. आज्ञा ज्याला केली त्या ‘तूं’मध्येंच तीहि आली, असा अर्थ करतात, व तो आम्हांस मान्य आहे. पण मग ज्या घरांत नवरा विसावतो आणि ती राबते, तेथें आज्ञा अर्धीच पाळली गेली.

कोणी म्हणेल, जेवण तर झालेंच पाहिजे. खरें आहे. प्रभूनें शब्बाथ दिवशीं रोग्यांस बरें केलें व भुकेल्या शिष्यांचा पक्ष घेतला. रविवारीं रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यास दुसरा वार मिळाला म्हणजे झालें. नियमांचें जोखड पुन्हां मानेवर घ्यावें, असें आमचें म्हणणें नाहीं. पण भूक भागविणें निराळें आणि चार पदार्थांचा थाट निराळा. शनिवारींच भाजी निवडून ठेवावी, खिचडीवर एक वेळ भागवावी, बापानें व मुलांनीं ताटें धुवावीं, मोलकरणीस पगार न कापतां रजा द्यावी. यांत अशक्य असें काय आहे?

प्रभुभोजनाच्या वेळीं धनी व चाकर, नवरा व बायको एकाच भाकरीचे वांटेकरी होतात. देवळाची पायरी उतरतांच ती बरोबरी संपत असेल, तर उपासना तेथेंच राहिली म्हणावयाची. आपण स्वतः विसावलों कीं नाहीं, हें कळावयास फारसा विचार लागत नाहीं. आपल्यामुळें आज घरांत कोण विसावलें, याचें उत्तर रात्रीं देतां आलें, म्हणजे सकाळची उपासना घरापर्यंत पोहोंचली असें समजावें.