नाव ठेवलं ग्रीकांनी

'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत मराठीत फक्त एका टिंबाचं अंतर आहे. लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांच्या बाबतीत ग्रीकांनी दोन्ही केलं. त्यांना 'फोइनिकेस' म्हटलं आणि लबाड व्यापारी म्हणून हिणवलंही. त्या नावामागचा 'फोइनिक्स' हा शब्द जांभळट तांबड्या रंगालाही लागतो आणि खजुराच्या झाडालाही. ज्यांचं हे बारसं झालं, त्यांच्या स्वतःच्या शिलालेखांत मात्र माणूस टायरचा असतो, सिडॉनचा असतो, अमक्याचा मुलगा नि तमक्याचा नातू असतो. फिनिशियन तो नसतो. इतिहासकार जोसेफिन क्विन यांनी २०१८ सालच्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा ताणून धरला आहे, आणि त्याला सहज उत्तर देता येत नाही.

मग रोमच्या अमलाखाली फिनिशियनांनी आपली ओळख टिकवली असं म्हणताना आपण नेमकं काय टिकलं म्हणतो? मला वाटतं, जे टिकलं म्हणतो त्यातलं निम्मं रोमच्याच काळात घडलेलं आहे. आणि ते पूर्वेला एका तऱ्हेनं घडलं, पश्चिमेला अगदी उलट.

पश्चिमेची गोष्ट राखेपासून सुरू होते. इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज, म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं फिनिशियनांचं शहर, बेचिराख केलं. तिथले ग्रंथ त्यांनी आफ्रिकेतल्या राजांना वाटून टाकले. पण मागो नावाच्या कार्थेजकराचे शेतीवरचे २८ खंड तेवढे सेनेटनं ठराव करून लॅटिनमध्ये आणवले. शहर नको, शेतीची पोथी हवी. हिशेबी माणसं!

शहर गेलं, भाषा गेली नाही. आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नामध्ये इ.स. १-२ च्या सुमारास आन्नोबाल रुफुस नावाच्या धनिकानं स्वखर्चानं थिएटर बांधलं. 'आन्नोबाल' म्हणजे आपल्याला परिचित असलेलं हॅनिबालच. ज्या नावानं रोमच्या आयांनी पोरांना भेडसावलं असेल, ते नाव लावून हा गृहस्थ सम्राट ऑगस्टसच्या गौरवाचा लेख कोरतो. लेख दोन भाषांत आहे, आणि खरी गंमत त्या दोन मजकुरांच्या फरकात आहे. लॅटिनमध्ये आधी ऑगस्टसच्या पदव्यांची लांबण, मग आन्नोबाल. खालच्या प्यूनिक, म्हणजे कार्थेजच्या भाषेतल्या, मजकुरात ऑगस्टस गायब! तिथे थेट आन्नोबाल, त्याचा बाप आणि त्याचं घराणं. लॅटिनमध्ये तो 'फ्लामेन' आहे, म्हणजे रोमन धाटणीचा पुरोहित. प्यूनिकमध्ये त्या जागी बळी देणाऱ्याला असलेला जुनाच शब्द येतो. 'सुफेत' हे कार्थेजच्या काळचं नगरप्रमुखाचं पद मात्र दोन्हीकडे आहे. याला मी दुटप्पीपणा म्हणणार नाही. भिंत एकच, वाचणारे दोन, एवढं त्याला कळत होतं.

देवांचंही असंच झालं. बाल हम्मोन सॅटर्न झाला, तानित काएलेस्तिस झाली, मेलकार्त हर्क्युलिस झाला. पुढे प्यूनिक लिपी हातातून सुटली तेव्हा लोक तीच भाषा रोमन अक्षरांत कोरू लागले. त्याच लेप्टिसचा सेप्टिमियस सेव्हेरस इ.स. १९३ मध्ये सम्राट झाला. बहिणीला धड लॅटिन येईना म्हणून त्यानं तिला गावी परत धाडलं, अशी एक गोष्ट सांगतात. ती ज्या ग्रंथात येते तो फारसा भरवशाचा नाही, पण ती रचावीशी वाटली यातच बरंच आलं.

थोडक्यात, पश्चिमेला भाषा होती, 'फिनिशियन' हे नाव नव्हतं. पूर्वेला नेमकं उलटं घडत होतं.

टायरच्या नाण्यांवर इ.स.च्या दुसऱ्या शतकातही फिनिशियन अक्षरं दिसतात. पुढे ती जातात. आणि मग तिसऱ्या शतकात त्याच शहराच्या नाण्यांवर कोण अवतरतं? कार्थेज वसवणारी डायडो, आणि ग्रीकांना लिपी देणारा कॅडमस. अक्षरं गेली आणि अक्षरं देणारा आला! तीही कथा ग्रीकांनीच सांगितलेली. बिब्लॉसच्या फिलोनं फिनिशियनांचा प्राचीन इतिहास लिहिला तो ग्रीकमध्ये, आणि आपण सांखुनियाथोन नावाच्या जुन्या लेखकाचं भाषांतर करतोय असं सांगत. टायरचा तत्त्वज्ञ पॉर्फिरी घरच्या भाषेत माल्खुस होता, म्हणजे 'राजा'. जगाला माहीत झाला तो राजवस्त्राच्या जांभळ्या रंगाच्या ग्रीक नावानं. टायरची कीर्ती त्याच रंगामुळे होती, तेव्हा हे नाव गावाला धरूनच होतं म्हणायचं.

इ.स. १९४ च्या सुमारास सेव्हेरसनं सीरिया प्रांताचे दोन तुकडे केले आणि त्यातल्या एकाला 'सीरिया फिनिसे' नाव दिलं. ग्रीकांच्या तोंडचा शब्द आता सरकारदरबारी चढला. त्या प्रांतात किनाऱ्यापासून आत असलेलं एमेसाही आलं, म्हणजे आजचं होम्स. तिथल्या हेलिओडोरसनं आपल्या ग्रीक कादंबरीच्या शेवटी स्वतःची ओळख करून दिली आहे : एमेसाचा फिनिशियन माणूस, सूर्याच्या वंशातला. त्याच्या गावाला ना बंदर, ना जहाजं. तरी ज्या शब्दाकडे टायर-सिडॉनच्या खलाशांनी कधी पाहिलं नव्हतं, तो यानं अभिमानानं लावून घेतला.

पश्चिमेला, चौथ्या शतकाच्या अखेरीस, पुढे बिशप झालेला ऑगस्टिन माडौराच्या मॅक्सिमस नावाच्या व्याकरणपंडिताला पत्रात सुनावतो : तू आफ्रिकन, मी आफ्रिकन, मग प्यूनिक नावांची थट्टा कसली करतोस? हाच ऑगस्टिन दुसरीकडे लिहितो, की आमच्या खेड्यातल्या लोकांना 'तुम्ही कोण' असं विचारलं तर ते प्यूनिकमध्ये सांगतात, 'खनानी', म्हणजे कनानचे. बायबलमधल्या कनानी बाईचा धागा जुळवायला त्याला हे उत्तर फार सोयीचं होतं, म्हणून अभ्यासक त्यावर अजून भांडतात. प्रश्न कुणी विचारला, ते त्या वाक्यात येत नाही. उत्तर लिहून ठेवलंय लॅटिनमध्ये.