अंधार सर्वांना सारखा असतो का?

वीज गेली की सगळ्यांचीच जाते, असे आपण सहज म्हणतो. पण मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर असताना वीज गेली, तर काय होते ते आठवू या. लेआऊटमधल्या पक्क्या घरात इन्व्हर्टर सुरू होतो, पंखा फिरत राहतो, गच्चीवरच्या टाकीत पाणी असते. टिनाच्या खोलीत कुलर थांबला की पाच मिनिटांत भट्टी होते. तान्हे बाळ रडते, आजारी म्हातारी दारात येऊन बसते, चक्कीवाल्याची दिवसाची कमाई बुडते. वीज दोघांचीही गेली. झळ एकालाच बसली.

हा केवळ नशिबाचा भाग नाही. वीज कोणाची जावी, हेही माणसेच ठरवतात. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली. त्या टंचाईच्या वर्षांत विदर्भातल्या खेड्यांनी दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. कोळसा कोराडी-चंद्रपुरात जळत होता, राख इथेच पडत होती, आणि मुंबई भारनियमनातून वगळलेली होती. २००६ मध्ये पुणे शहराची थोडा जादा दर देऊन सुटका झाली. पुढे विजेची गळती आणि बिलांची वसुली पाहून ए ते जी असे गट पाडण्यात आले. जिथे गळती जास्त, तिथे अंधार जास्त.

यात काहीच न्याय नाही, असे म्हणता येणार नाही. तारेवर आकडा टाकणे ही चोरीच आहे आणि तिचा भार प्रामाणिक ग्राहकावर पडतो. पण इथे शिक्षा चोराला होत नाही, संपूर्ण वाहिनीला होते. त्याच वाहिनीवर एखादी विधवा पोटाला चिमटा घेऊन दर महिन्याला बिल भरत असते. शेजाऱ्याच्या आकड्यापायी तिच्या घरात अंधार का? शिवाय जुन्या, लांबलचक तारांमध्ये वाया जाणारी वीजही गळतीतच धरली जाते. तो तर त्या वस्तीचा दोषही नव्हे.

सदोम नगरीसाठी अब्राहामाने परमेश्वराकडे रदबदली केली, ती याच प्रश्नावर. दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश व्हावा का? पन्नासापासून तो दहा माणसांपर्यंत खाली आला. अब्राहाम स्वतः सदोमात राहत नव्हता, हे आपण लक्षात घ्यावे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली. लोकलगाड्या थांबल्या, देशभर बातमी झाली, चौकशीचे आदेश निघाले. खेड्यांचा रोजचा अंधार मात्र वर्षानुवर्षे नुसते वेळापत्रक होऊन राहिला. ज्यांचा शब्द ऐकला जातो त्यांच्या घरी दिवा असला, की अंधाराची तक्रार करायला उरतात ते ज्यांचे कोणी ऐकत नाही.

इन्व्हर्टर घेणे हे पाप नाही. पण आपला पंखा सुरू राहिला म्हणून वीज गेल्याचे आपल्याला कळेनासे झाले, तर विचार करायला हवा. पुढच्या वेळी वीज गेली की पलीकडच्या वस्तीत काय चालले आहे, ते जाऊन पाहू या. तिथल्या दहावीच्या मुलाला आपल्या दिव्याखाली बसायला बोलावू या. आणि तक्रार नोंदवताना आपल्या घरापुरती न नोंदवता त्यांच्यासाठीही नोंदवू या.