तिसऱ्यांदा पडलेल्यास कोणी उचलावे?

पालघर व बोईसर-तारापूर ह्या भागांतील आमच्या वाचकांस व्यसनाची ओळख करून देण्याची गरज नाही. दारूने उजाडलेली घरे कोणी पाहिली नाहीत? २०२२ साली ह्याच जिल्ह्यात नालासोपारा येथे पोलिसांनी सुमारे ७०० किलो एमडी धरले. ह्याहून भयंकर द्रव्य फेंटानिल होय. ते मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट तीव्र असून वैद्य ते वेदनाशमनासाठी बेताने देतात. चोरट्या वाटेने आलेले काही कणही श्वास बंद पाडतात. २०१८ साली आमच्याच रेल्वेमार्गावर, सांताक्रुझजवळ वाकोला येथे, फेंटानिल म्हणून १०० किलो द्रव्य धरले गेले.

अमेरिकेत २०२२ साली मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश अशाच कृत्रिम द्रव्यांनी. तेथे रुग्णवाहिकेचे सेवक पडलेल्यास श्वास देतात व नॅलॉक्सोन नामक उतारा देतात. काही मिनिटांत श्वास परत येतो. परंतु उताऱ्याचा गुण विषाआधी सरू शकतो, म्हणून त्याच्याजवळ थांबावे लागते. आणि कित्येकदा तोच मनुष्य पुन्हा तसाच पडलेला आढळतो!

२०१७ साली ओहायो प्रांतातील मिडलटाऊन नगरात एका नगरसभासदाने सुचविले की, दोनदा वाचविलेल्याकडे तिसऱ्यांदा रुग्णवाहिका पाठवू नये. खर्च वाढला होता, हे खरे. सेवकही मनुष्यच, तेही थकतात. तरी आम्हांस हा विचार मान्य नाही. सुधारण्यास मनुष्य प्रथम जिवंत पाहिजे. शिवाय, श्वास देणाऱ्याने पतनांची मोजणी आरंभिली, तर तो सेवक न राहता न्यायाधीश होतो, आणि तोही साक्षीपुराव्यावाचून. आमच्या देशाचा १९८५ चा कायदाही विक्रेत्यास शिक्षा सांगतो. परंतु अल्प द्रव्यासह सापडलेला व्यसनी स्वखुशीने उपचार पत्करील, तर त्यास खटल्यातून सूट ठेवितो. किती वेळा क्षमा करावी, हे पेत्रानेही विचारले होते. त्यास मिळालेले उत्तर हिशेब ठेवण्याजोगे नव्हते.

नॅलॉक्सोन दारूवर किंवा एमडीवर चालत नाही. परंतु प्रश्न आम्हांसही तोच आहे. रस्त्याकडेला कोणी निपचित पडला, तर ‘प्यालेला आहे, राहू द्या’ म्हणून आपण पुढे जातो. उताणा पडलेला मनुष्य ओकारीने गुदमरून मरतो. म्हणून, बंधूंनो, त्यास कुशीवर वळवा, श्वास चालतो की नाही हे पाहा, १०८ ला कळवा व गाडी येईपर्यंत जवळ बसा. बोध करावयाचा तो शुद्धीवर आल्यावर करावा.