समर्पणाची किंमत

बीड जिल्ह्यांतील अंबेजोगाईच्या दासोपंतांनीं दत्तचरणीं आयुष्य वाहिलें. त्यांची पासोडी लोकांनीं आदरानें जपली आहे. परंतु ज्या देवाची घरच्यांस ओळख नाहीं, त्याच्या चरणीं कोणी स्वतःस वाहिलें तर?

१८९५ सालीं कवि नारायण वामन टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती दीक्षा घेतली. आयुष्याचा हेतु त्यांना गवसला, आणि लक्ष्मीबाईंचा संसार उधळला. ईश्वरास आपलें सर्वस्व देणाऱ्यानें दुसऱ्याचेंहि देऊन टाकावें काय? माझ्या मतें तो अधिकार कोणासच नाहीं. टिळकांच्या भक्तिकाव्यांत या प्रश्नाचा उलगडा शोधूं नये. तो 'स्मृतिचित्रां'त आहे. पतीकडे परतल्यावरहि लक्ष्मीबाईंनीं सोंवळें एकदम टाकलें नाहीं. जातिभेद ईश्वरकृत कीं मनुष्यकृत, याचा त्यांनीं आपल्यापुरता निवाडा केला, आणि मगच, १९०० सालीं, त्या आपल्या पायांनीं ख्रिस्ताकडे आल्या. टिळकांनींहि (हें त्यांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे) वाट पाहिली.

त्यांचें स्वतःचें समर्पण तरी एका दिवसांत कोठें झालें? मिशनचा पगार सुटावयास १९१७ साल उजाडलें. साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन झाला, आणि १९१९ सालीं ते निवर्तले. 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें होतें. त्याचे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले.